मेलेल्या माणसाची कंबर

डॅन्यूब नदीकाठच्या आमच्या विदिन शहरात माझ्याइतकं चांगलं मरणारा दुसरा माणूस नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पाऊण तास उताणं पडायचं, पापणी हलवायची नाही, छाती वरखाली होऊ द्यायची नाही. भले भले नट तिथे शिंकतात. मी ओळीने आठ प्रयोग मेलो आणि कुणी नावं ठेवली नाहीत.

खरं तर मी नट नव्हेच. सव्वीस वर्षं आमच्या नाट्यगृहात नेपथ्य उचलायचं काम केलं. दोन वर्षांपूर्वी मी आणि गेन्चो एक लाकडी जिना रंगमंचावरून खाली उतरवत होतो. त्याची बाजू अचानक सुटली आणि सगळं वजन माझ्यावर आलं. कमरेत कटकन वाजलं. तेव्हापासून माझ्या पायात मोजे बायको घालते. बाहेरून मात्र मी ठणठणीत दिसतो, तीच पंचाईत. हात मोडला तर प्लास्टर तरी दिसतं. कंबर कुणाला दाखवणार? चौकशीत गेन्चोने सांगितलं, की ओग्न्यानने, म्हणजे मी, जिना चुकीचा धरला होता. पुढे पुढे मलाही तसंच वाटायला लागलं.

पेन्शनला चार वर्षं बाकी होती. दिग्दर्शिका मिल्चेवाबाईंना दया आली आणि नव्या नाटकात त्यांनी मला प्रेताचं काम दिलं. कडक फळ्यांवर पडलं की कंबर जरा गप्प बसायची. त्या पाऊण तासासाठी मी उरलेला दिवस ढकलायचो.

नवव्या प्रयोगाच्या सकाळी डॅन्यूब नदीवरून असं गार वारं सुटलं की मला पलंगावरून उठवेना. माझ्या बायकोने, पाव्लिनाने, कमरेला राकिया चोळली. राकिया म्हणजे आमची घरी गाळलेली दारू. आमच्याकडे प्यायला वापरतात आणि हाडांनाही लावतात. वर तिने लोकरीची पट्टी त्यातच भिजवून घट्ट गुंडाळली आणि मला कामावर धाडलं.

दुसरा अंक सुरू झाला. दिव्यांची ऊब लागली आणि माझ्या अंगाचा घमघमाट सुटला. विधवेचं काम करणारी स्नेझाना माझ्या छातीवर डोकं टेकून रडायला वाकली, ती तिथेच थबकली.

"ओग्न्यान, पिऊन आलायस?" हुंदक्याच्या आडून ती कुजबुजली.

मी मेलेलो. काय बोलणार?

ती आत गेली आणि बाईंच्या कानाला लागली. बाईंचा नवरा दारूतच गेलेला, त्यामुळे त्यांना त्या वासाची धास्ती. हा आता घोरायला लागणार, असं त्यांना वाटलं. त्यांनी प्रेत ताबडतोब उचलायला सांगितलं. एरवी मला फळीवर घेऊन चौघे न्यायचे. त्या घाईत फळी आतच राहिली. चौघांनी माझे हातपाय धरले आणि कंबर मधल्यामध्ये झोळीसारखी लोंबकळली.

त्या कळेचं वर्णन करत नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे.

"ठेवा रे मला खाली, हात जोडतो," मी म्हणालो. हात दोघांनी धरलेले होते, पण शब्द शेवटच्या रांगेपर्यंत गेले.

मग एक बाई किंचाळली, कुणीतरी खुदकन हसलं आणि बघता बघता सगळं नाट्यगृह हसायला लागलं. पडदा पाडावा लागला.

मला फळ्यांवर टेकवलं. बाई वाकल्या, तोंड उघडायला लावून त्यांनी वास घेतला. पुन्हा एकदा घेतला. मग माझा सदरा वर करून ती ओली पट्टी पाहिली. मी कुशीवर वळून रडत होतो. चारचौघांत लाज वाटत होती, पण थांबवता येत नव्हतं. दोन वर्षं हे दुखणं पाव्लिनाशिवाय कुणी पाहिलं नव्हतं.

गेन्चो माझ्या पायाशी उभा होता. उजवा पाय त्यानेच धरला होता.

"बाई, जिना यानं नीटच धरला होता," तो म्हणाला. "हात माझा सुटला. मी खोटं सांगितलं."

"आज सांगतोयस?" मी विचारलं.

"रोज सांगणार होतो," तो म्हणाला, आणि खाली बसून माझ्या बुटाची सुटलेली नाडी बांधायला लागला. बराच वेळ बांधत होता. मीही पाय मागे घेतला नाही.

पुढच्या प्रयोगापासून पेंढा भरलेला बाहुला मरायला लागला. तो ओरडत नाही. बाईंनी माझी माफी मागितली, चौकशीचा कागद दुरुस्त करून घेतला आणि मोठ्या प्रेमाने मला तिकीटखिडकीत नेऊन बसवलं. म्हणाल्या, आता आरामात बसून राहा. दुखऱ्या कमरेला बसून राहण्यासारखी शिक्षा नाही, पण इतक्या मायेने दिलेली खुर्ची नको कशी म्हणू? आठवडाभर दात आवळून बसलो.

गेन्चोच्या ते लक्षात आलं. एका सोमवारी तो करवत आणि लाकडं घेऊन आला. त्याने खुर्ची बाहेर नेली, टेबलाखाली ठोकळे ठोकले, खिडकीही वर सरकवली. आता मी उभ्याने काम करतो. दुखतं, पण सोसवतं.

फक्त खिडकी वीतभर जास्तच उंच झालीय. गावातल्या म्हाताऱ्या टाचा उंचावतात, तरी मला त्यांची नुसती बोटं दिसतात.

"आत आहे का कुणी?" खालून आवाज येतो.

"आहे, आजी," मी म्हणतो, आणि तिकीट त्यांच्या हातात द्यायला कमरेत वाकतो.