काळजीचे वेळापत्रक

माणसावर मान वर करून आकाशाकडे पाहण्याची वेळ आयुष्यात दोनच प्रसंगी येते: कपडे वाळत घातल्यावर आणि विमानाचे तिकीट काढल्यावर. पहिल्या प्रसंगी तो डोळ्यांना दिसेल त्यावर विश्वास ठेवतो. दुसऱ्या प्रसंगी आकाश कितीही निळे आणि स्वच्छ दिसले, तरी त्यामागे काहीतरी लपवून ठेवलेले आहे याबद्दल त्याची खात्री असते.

विमानाला घाबरण्याला काही लोक भित्रेपणा म्हणतात. हे बरोबर नाही. घाबरणे हे एक काम आहे, आणि ते नीट करायचे तर चार-पाच दिवस आधीपासून कंबर कसावी लागते. भूगोलाचे सर ते काम ज्या निष्ठेने करत, तेवढ्या निष्ठेने विमान कंपन्यांनी आपले काम केले असते तर एकही विमान उशिरा सुटले नसते.

सरांनी सगळी नोकरी ढग शिकवण्यात घालवली होती. गचके का बसतात हे तर ते असे सांगत की शेवटच्या बाकावरच्या मुलालाही कळावे. हवा म्हणजे पाणीच समजा, फक्त न दिसणारे. नदीत होडी हलते ना? हलते. म्हणून ती बुडते का? नाही. झाले तर मग. मुलांना हे लगेच पटे. सरांनाही पटलेले होते. अडचण एवढीच की पटते ते डोक्यात आणि भीती राहते पोटात, आणि या दोन गावांमध्ये अजून रस्ता झालेला नाही.

यंदा प्रश्न अक्कांचा होता. अक्का म्हणजे सरांच्या थोरल्या बहीण. देशाच्या दुसऱ्या टोकाला राहायच्या. त्यांच्या मुलाने त्यांना परदेशी आपल्याकडे कायमचे बोलावून घेतले होते, आणि सोमवारी सकाळी त्या निघणार होत्या. "येईन की मध्ये मध्ये," असे त्या फोनवर म्हणाल्या होत्या, पण त्या वयात हे वाक्य समोरच्याला बरे वाटावे म्हणून म्हणतात, हे सरांना ठाऊक होते. त्यांना भेटायचे तर सोमवारच्या आत.

त्याआधी सरांनी दोनदा तिकीट रद्द केले होते. पहिल्यांदा आकाशात ढग होता म्हणून. दुसऱ्यांदा एकही ढग नव्हता म्हणून (इतके स्वच्छ आकाश सरांना संशयास्पद वाटले). या रद्द करण्यात आगगाडीने पोहोचण्याचे दिवसही हातचे गेले. आता उरले होते रविवार दुपारचे विमान, नाहीतर फोन.

उड्डाणापूर्वी हवामानाची चौकशी करण्याची एक मान्यताप्राप्त पद्धत आहे. नवख्यांच्या सोयीसाठी ती इथे देतो. प्रथम जितक्या ठिकाणांहून मिळतील तितके अंदाज गोळा करावेत. सहा अंदाज चांगले आणि सातवा वाईट निघाला, तर सातवा खरा मानावा. सहा जण मिळून खोटे बोलू शकतात, एकट्याला काय पडले आहे? सातही चांगले निघाले तर आठवा शोधावा. त्यानंतर एकदाच विमानात बसलेल्या माणसाला गाठावे. (वारंवार बसणाऱ्याला विचारू नये. त्याला काही आठवत नसते.) सरांच्या इमारतीत खाली शिंपीकाका होते. ते एकदा बसले होते, आणि तो प्रवास असा रंगवून सांगत की ऐकणारा शिवणयंत्राला धरून बसे. शेवटी, जगात कुठेही, कधीही झालेल्या अपघाताची बातमी मिळवून झोपण्यापूर्वी वाचावी. सुखरूप पोहोचलेल्या विमानांच्या बातम्या येत नाहीत, त्या अर्थी ती पोहोचत नसावीत.

सरांच्या पत्नी, म्हणजे गणिताच्या बाई, या सगळ्यापासून अलिप्त होत्या. त्यांनी बॅग भरली, अक्कांसाठी विणलेला स्वेटर वर ठेवला आणि खिडकीची जागा आपल्याला हवी असे सांगून टाकले. सरांचे काय चालले आहे असे शेजारणीने विचारले तेव्हा, अभ्यास, एवढेच उत्तर दिले.

विमानतळावर गेटपाशी बसलेल्या दीडदोनशे माणसांत घाबरलेली माणसे ओळखू येत नाहीत, असा एक समज आहे. चुकीचा आहे. न घाबरलेला माणूस काचेतून विमानाकडे पाहतो. घाबरलेला विमानाकडे पाहून लगेच आकाशाकडे पाहतो, मग पुन्हा विमानाकडे. मुलीला पाहायला आलेल्या स्थळाची उंची मोजावी तसा. अशा तीन माना सरांना लगेच दिसल्या आणि त्या तिघांनाही सरांची दिसली. पाच मिनिटांत मंडळ जमले.

त्यात एक दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या. "काही दुखणार नाही" हे वाक्य त्यांनी आयुष्यभर इतरांना ऐकवले होते, त्यामुळे वैमानिकाच्या गोड आवाजावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. दुसरे इमारती बांधणारे ठेकेदार होते. वस्तू कशा बांधल्या जातात हे जवळून पाहिल्यामुळे ते कशावरच विसंबत नसत. तिसरे कापडाचे व्यापारी. ते महिन्यातून दोनदा उडत आणि दर वेळी घाबरत, म्हणून मंडळाचे ज्येष्ठपद आपोआप त्यांच्याकडे आले.

व्यापाऱ्यांनी अनुभवाअंती एक सिद्धान्त काढला होता. तो त्यांनी खालच्या आवाजात सांगितला. विमान हवेत राहते ते कोणीतरी त्याची काळजी करत असते म्हणून. पुरावा असा की ते आजवर प्रत्येक प्रवासात सारखे काळजी करत आले होते आणि एकही विमान पडले नव्हते.

या युक्तिवादात कोणालाच खोट काढता आली नाही. उलट ठेकेदारांना प्रश्न पडला की एवढा भार एकट्याने कसा पेलायचा, डुलकी लागली तर?

इथे सरांमधला शिक्षक जागा झाला. अडल्या कामाला वेळापत्रक हाच उपाय, हे त्यांचे जुने मत. त्यांनी तिथल्या तिथे प्रवासाचे तास पाडले. पहिला तास उड्डाणाचा, त्याला सर्वांनी हजर राहायचे. दुसऱ्या तासाला ठेकेदारांनी उजवा पंख पाहायचा. तो जोडलेलाच आहे ना, एवढेच. तिसरा तास सरांचा: ढग, वारा आणि डावा पंख. चौथ्याला व्यापाऱ्यांनी इंजिनाचा आवाज ऐकायचा. पाचव्याला डॉक्टरीणबाईंनी हवाई सुंदरीचा चेहरा. खोटे हसू ओळखणे हा त्यांचा रोजचा धंदाच होता. उतरताना पुन्हा सगळे. बाईंना एकही तास दिला गेला नाही, कारण त्यांचा विषयात प्रवेश नव्हता. त्या शब्दकोडे सोडवत होत्या.

तेवढ्यात घोषणा झाली. पोहोचायच्या ठिकाणी जोराचा वारा असल्यामुळे विमान उशिरा सुटेल, आणि ज्या प्रवाशांची इच्छा असेल त्यांना जादा पैसे न भरता उद्याच्या विमानात जागा मिळेल.

सर उठून उभे राहिले. आठवा अंदाज अखेर सापडला होता, आणि तोही खुद्द कंपनीच्या तोंडून. काउंटरसमोर रांग लागत होती. सर बॅग घेऊन त्या दिशेने चालू लागले. उद्याचे विमान संध्याकाळी पोहोचणार होते आणि अक्का सकाळीच निघणार होत्या, हा हिशेब त्यांना येत नव्हता असे नाही. पाय मात्र चालत होते.

बाईंनी शब्दकोड्यातून मान वर केली नाही.

"जायचं तर जा उद्या. मी आजच जाते. अक्कांना सांगते, वारं होतं म्हणून तुमचा छोट्या आला नाही. आधी त्या हसतील. मग दार लावून घेतील आणि बराच वेळ बाहेर येणार नाहीत."

सर थांबले. कोणत्या बाजूला जावे हे त्यांना ठरवता येईना. तेव्हा मागून व्यापाऱ्यांचा काळजीचा आवाज आला, "सर, तिसरा तास तुमचा आहे. तुम्ही गेलात तर डावा पंख कोण बघणार?"

सरांनी आजवर एकही वर्ग मोकळा सोडला नव्हता. ते परत येऊन बसले. बहिणीची माया आणि पंखाची जबाबदारी यांपैकी नेमके कशाने त्यांना परत आणले, हे बाईंनी विचारले नाही. काही उत्तरे गुण न देता तपासायची असतात, हे त्यांना ठाऊक होते.

विमान उडाले. पहिल्या तासाची हजेरी शंभर टक्के होती. दुसऱ्या तासाला ठेकेदारांनी उजव्या पंखावरून नजर हलवली नाही, आणि पंखही हलला नाही. तिसऱ्या तासाला ढग आले, आणि गचके सुरू झाले.

सरांनी काम चोख केले. दोन्ही हातांनी खुर्चीचे हात धरून ते वर उचलले. विमानावरचा भार कमी व्हावा म्हणून पायही अधांतरी ठेवले. डाव्या पंखाकडे डोळे लावून त्यांनी श्वास असा बेताने घेतला की विमानातली हवा कमी पडू नये. शेजारी बाई ढगांचे फोटो काढत होत्या आणि मधूनच, हा कुठला हो, असे विचारत होत्या. सर ढगाचे नाव अचूक सांगत, पण दात न उघडता. तास संपता संपता गचके थांबले. निकाल शंभर टक्के लागला, असे सरांनी मनात नोंदवले आणि घाम पुसत व्यापाऱ्यांकडे कारभार सोपवण्यासाठी मागे वळून पाहिले.

व्यापारी घोरत होते. त्यांची मान ठेकेदारांच्या खांद्यावर होती आणि ठेकेदारही झोपले होते. डॉक्टरीणबाई कानात गाणी लावून बिस्किटे खात होत्या, पण त्यांचा तास अजून सुरू व्हायचा होता, तेव्हा त्यांना दोष देता येत नाही. थोडक्यात, चौथा तास सुरू होऊन बराच वेळ झाला होता, इंजिनाकडे कोणाचेही लक्ष नव्हते, आणि विमान सरळ चालले होते.

एखाद्या साध्या माणसाने यावरून असा निष्कर्ष काढला असता की विमानाला आपल्या काळजीची गरज नाही. ज्यांनी कधी वर्ग सांभाळला नाही, तेच असे निष्कर्ष काढतात. सरांना अनुभव होता. शिक्षक नसलेला वर्ग शांत बसलेला दिसला, तर त्याचा अर्थ एकच: दाराशी कोणीतरी उभे आहे. तर मग इथे कोण उभे होते? वैमानिक नव्हे, तो विमान चालवण्यात गुंतलेला. बाई तर नव्हेतच. उतरेपर्यंत सर विचार करत राहिले, त्या नादात उतरण्याच्या तासाला घाबरायचे विसरले, आणि विमान तरीही उतरले. आता तर गूढ आणखी वाढले.

अक्कांचे घर रिकामे झाले होते. भिंतींवर फक्त चित्रांच्या जागा उरल्या होत्या, आणि उघड्या खिडकीपाशी एक खुर्ची. दार उघडताच अक्कांनी सरांचे दोन्ही दंड धरले, आधी डावा चाचपला, मग उजवा.

"मेल्या छोट्या, वारं बघितलंस का बाहेर? दुपारपासून या खिडकीत बसलेय मी. चहा केला तो तसाच राहिला."

सरांनी खुर्चीकडे पाहिले, निवलेल्या चहाकडे पाहिले, आणि मग बाईंकडे पाहिले. चौथा तास कोणी घेतला होता, ते आता कळले होते.

रात्री उशिरापर्यंत दोघे बहीणभाऊ बोलत बसले. कोणाचे गुडघे, कोणाची मुले, आईचा तो पितळी डबा शेवटी कोणाकडे गेला, असेच सगळे. बाई स्वयंपाकघरात गेल्यावर अक्का हळूच म्हणाल्या, "मला उद्याची भीती वाटतेय रे. समुद्रावरून जायचं. मुलाला नाही सांगितलं, तो हसेल."

"वाटू दे," सर म्हणाले. "तू नुसती बस. घाबरायचं मी बघतो."

"सगळा वेळ?"

"सगळा वेळ."

अक्कांनी मान डोलावली आणि डोळे पुसले. त्यांच्या धाकट्या भावाने लहानपणापासून एकही काम अर्धवट केले नव्हते (पोहणे सोडून).

सोमवारी सकाळी अक्का गेल्या. निरोप देताना सर रडले नाहीत, कारण तास सुरू झाला होता. घरमालकाला किल्ली संध्याकाळी द्यायची होती, म्हणून ते त्याच खिडकीतल्या खुर्चीत येऊन बसले. फोनच्या नकाशावर एक इवलेसे विमान समुद्राकडे सरकत होते. उजवा पंख, डावा पंख, इंजिन, हवाई सुंदरी, सगळे विषय एकट्याकडे. दुपारपर्यंत सरांनी एकही चूक केली नाही. मात्र आदल्या दिवशीचा शीण होता, आणि जेवण झाल्यावर पापण्या जड होऊ लागल्या. बाईंना विचारले; त्या म्हणाल्या, माझा हा विषय नाही. व्यापाऱ्यांचा फोन बंद होता, बहुधा झोपले असावेत.

अशा वेळी शाळेत काय करतात, ते सांगतो. एखाद्या शिक्षकाला तास घेणे जमले नाही, तर शिक्षकांच्या खोलीत डोकावून पाहतात. तिथे जो कोणी पाय लांब करून निवांत काहीतरी वाचत बसलेला दिसेल, त्याला त्या वर्गावर पाठवतात. त्याची संमती विचारण्याची पद्धत नाही.

सर आता खुर्चीत गाढ झोपले आहेत. अक्का समुद्राच्या मधोमध आहेत. आणि तुम्ही ही गोष्ट पहिल्या ओळीपासून वाचत आहात, तेव्हापासून तास तुमच्याकडे आहे. एवढ्या वेळात तुम्ही डाव्या पंखाकडे किती वेळा पाहिलेत ते विचारत नाही. तुम्ही हसत होतात, हे मात्र दिसत होते.