बाकावरचे बावन्न

खरं सांगायचं तर त्या रविवारी मी फक्त पाच मिनिटं टेकणार होतो.

सोळाव्या वर्षापासून मला टाइप वन मधुमेह आहे आणि चाळिशी उलटल्यावर एकवीस किलोमीटरच्या शर्यतीची हुक्की आली. (ऑफिसात शेजारच्या टेबलावर फाइल द्यायची तरी मी शिपायाची वाट बघतो.) डॉक्टर म्हणाले, "धावा की. फक्त साखरेवर लक्ष ठेवा." ते खातं बायकोने स्वतःकडे घेतलं. माझ्या दंडावरचा सेन्सर साखरेचा आकडा माझ्या मोबाइलवर पाठवतो, आणि तिच्याही; आकडा सत्तरच्या खाली गेला की दोन्हीकडे भोंगा वाजतो.

तर सरावाला म्हणून बागेत गेलो, दोन फेऱ्या मारल्या, बाक दिसला आणि सेन्सरच्याच कुशीवर आडवा झालो. मोबाइल मुका करून ठेवलेला. दंड दाबला गेला की सेन्सर भलताच कमी आकडा दाखवतो, हे मला पक्कं ठाऊक होतं. झोपेत आठवलं नाही, एवढंच.

कोणीतरी गदागदा हलवलं. बायको होती. घरातल्या चपला, केस मोकळे, हातात संत्र्याच्या रसाची बाटली.

"अहो, उठा. आधी हे प्या."

"काय झालं?"

"बावन्न दाखवतंय. सहा फोन केले. स्कूटर चालू होईना, धावत आले."

बोटाला सुई टोचून पाहिलं. एकशे अठरा. तिने आकडा पाहिला, बाक पाहिला, माझ्या गालावर उमटलेल्या फळ्या पाहिल्या.

"किती किलोमीटर झाले?"

"मनातल्या मनात सोळा."

ती हसली नाही. बाकावर बसून रडली. मलाही भरून आलं. माझ्या स्वादुपिंडाने सोळाव्या वर्षीच राजीनामा दिला. ही बाई लग्नापासून एकही रजा न घेता त्याच्या जागेवर काम करते आहे. मी रस तिलाच पाजला.

आमच्या धावण्याच्या गटाचे सर शेजारीच व्यायाम करत होते. "वहिनी, घरून किती वाजता निघालात?"

"सहा एक्केचाळीसला. स्कूटर सोडली तशीच."

"आणि सातला तुम्हाला फाटकातून येताना मी पाहिलं." घर ते बाग तीन किलोमीटर, एकोणीस मिनिटं, चपलांत. (माझा विक्रम बावीस. बुटांत.) सरांनी तिथल्या तिथे तिचं नाव शर्यतीला नोंदवलं.

शर्यत मी पुरी केली, खरोखर धावून. ती केव्हाच पोचली होती. शेवटच्या रेषेवरच्या कार्यकर्त्याने तिला विचारलं म्हणे, "ताई, तुमच्या घरचे अजून आले नाहीत. शोधायला कोणाला पाठवू का?"

तिने मोबाइलकडे पाहिलं. "नको. आकडा चांगला आहे, म्हणजे अजून उभे आहेत. आडवे झाले की मला कळतं."