हजार वॉटचा अर्ज

लेकीने दिलेली चिठ्ठी न वाचता खिशात टाकली असती, तर लोडसाहेबांचा शनिवार-रविवार सुखात गेला असता. पण सव्वीस वर्षं कागद वाचण्याचाच पगार घेतलेला माणूस. जिन्यातच त्यांनी चष्मा चढवला. चिठ्ठीत लिहिलं होतं : पॉवर सप्लाय, हजार वॉट.

"हजार?" ते जिन्यातल्या भिंतीला म्हणाले.

लोडसाहेब हे त्यांचं कचेरीतलं नाव. नव्या वीजजोडणीचे अर्ज त्यांच्या टेबलावर येतात. अर्जदार बिचारा पंखे, फ्रिज, पंप, इस्त्री असं सगळं मांडून अमुक इतका भार मंजूर व्हावा म्हणतो आणि लोडसाहेब लाल पेनाने त्यातला एक तृतीयांश उडवतात. त्यामागे दुष्टावा नाही, सिद्धांत आहे. घरात सगळं एकाच वेळी कोणी चालवत नाही, हा तो सिद्धांत. इस्त्री करणारा माणूस त्याच वेळी मिक्सर लावत नाही. (त्यांची बायको लावते. पण ती अपवाद आहे, असं त्यांनी तिला अनेकदा सांगितलं आहे.)

लेक एका आर्किटेक्टकडे कामाला होती. अजून न बांधलेल्या इमारती बांधून झाल्यासारख्या दिसाव्यात, अशी चित्रं ती घरच्या कॉम्प्युटरवर करायची आणि उरलेल्या वेळात त्याच कॉम्प्युटरवर खेळायची. परवा मामाने त्याचं जुनं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावरची चित्रं तयार करणारा भाग, तिला देऊन टाकलं. तिचं स्वतःचं एक होतंच. दुसरं जोडायला गेली आणि कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या जुन्या डब्याने धूर सोडून मान टाकली. रविवारी दुपारी चार वाजता ऑनलाइन खेळाच्या स्पर्धेत तिच्या टीमची उपांत्य फेरी. चार मुली आठ महिने खेळून तिथवर पोचल्या होत्या. शनिवारी तिला कामावर जाणं भाग होतं, म्हणून तिने बाबांना विचारलं, "सप्लाय आणाल का?"

लोडसाहेबांना केवढा आनंद झाला. दहावीनंतर लेकीने त्यांना काही विचारल्याचं त्यांना आठवत नव्हतं. आणि विचारलं ते विजेबद्दल. आता कसं, हे त्यांनी मनात दोनदा म्हटलं.

दुकानदाराने हजार वॉटचा खोका काढून काउंटरवर ठेवला.

"हे कशाला लागतं एवढं?" लोडसाहेबांनी विचारलं.

"दोन कार्डं आहेत म्हणालात ना?"

"दोन आहेत. पण दोन्ही एकाच वेळी चालणार आहेत थोडीच?"

दुकानदार खोक्यावरची धूळ पुसत म्हणाला, "एकाच वेळी चालवायची म्हणूनच दोन लावतात, साहेब."

"सुरुवातीला सगळे असंच म्हणतात," लोडसाहेब समजूतदारपणे हसले. त्यांनी चिठ्ठीवर एक तृतीयांश उडवला. सहाशे सहासष्ट आले. तेवढ्याचा सप्लाय कोणी बनवत नाही, म्हणून ते साडेसहाशेवर उतरले. (खाली उतरणं त्यांना नेहमीच सोपं जायचं.)

संध्याकाळी लेक घरी आली आणि तिने खोक्यावरचा आकडा वाचला.

"बाबा, मी हजार लिहिलं होतं."

"लिहिलं होतंस. मी तपासलं."

"दोन्ही कार्डं जोरात चालली की पुरणार नाही हो."

"अगं, सव्वीस वर्षं झाली मला यात. लाव तर खरं."

दुकान तोवर बंद झालं होतं, त्यामुळे तिने लावलं. कॉम्प्युटर सुरू झाला. आतले दिवे निळे, मग जांभळे झाले. लोडसाहेबांनी बायकोला हाक मारून ते दिवे दाखवले आणि वर, "बघ," असंही म्हणाले. मग लेकीने इमारतीचं एक चित्र तयार करायला लावलं. दोन्ही कार्डांचे पंखे घुमायला लागले, आवाज चढत गेला, आणि टक् करून सगळं बंद.

"व्होल्टेज," लोडसाहेब लगेच म्हणाले. "घरात लोड फार झालाय."

इथून पुढचा तासभर त्या घराने जे सोसलं ते सोसलं. आधी फ्रिज बंद झाला. मग पंखे. बायको इस्त्री करत होती. तिच्या हातातली इस्त्री निघाली आणि अर्धा सदरा चुरगळलेलाच राहिला. सासूबाई टीव्हीसमोर होत्या, टीव्ही गेला.

"जावईबापू, कानातलं यंत्र चालू राहू दे ना?" सासूबाईंनी विचारलं.

"ते बॅटरीवर आहे, आई."

"नाही, तुमचा काय नेम. सांगितलंत तर काढते."

सगळे घाम पुसत कॉम्प्युटरभोवती बसले. पंखे घुमले, आवाज चढला, टक्. लोडसाहेबांनी जाऊन शेजाऱ्यांचं दार वाजवलं आणि गीझर लावलाय का, असं विचारलं. शेजारी म्हणाले, लावलाय. ते परत आले आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "बघा, म्हणूनच." बायको म्हणाली, "त्यांचा मीटर वेगळा आहे." (हे लोडसाहेबांना माहीत होतं. तो मीटर त्यांनीच मंजूर केला होता.)

लेक भांडली असती तर बरं झालं असतं. तिने कॉम्प्युटर बंद केला, टेबल पुसलं आणि ती नुसती बसून राहिली. तेच लोडसाहेबांच्या जिव्हारी लागलं.

रविवारी जेवणानंतर घर लवंडलं, तेव्हा त्यांनी गुपचूप एक जुना लिफाफा उलटा केला आणि कार्डांच्या आणि प्रोसेसरच्या खोक्यांवरचे आकडे त्यावर मांडले. एक कार्ड दोनशे चाळीस. दोन म्हणजे चारशे ऐंशी. प्रोसेसर दीडशे. बाकी किरकोळ सत्तर. बेरीज सातशे आली. त्यांनी ती पुन्हा केली, खालून वर. तरी सातशेच, म्हणजे साडेसहाशेच्या वर.

सव्वीस वर्षांत त्यांनी अर्जदाराची बेरीज कधीच केली नव्हती. ते थेट उडवायचे. आज पहिल्यांदा केली, तर अर्जदार बरोबर निघाला, आणि अर्जदार त्यांची लेक होती. त्यांना फार वाईट वाटलं. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. फोन चार्जिंगला लावलेला तसाच ठेवून ते चपला सरकवून निघाले.

दुकानदार जेवून डुलक्या काढत बसला होता.

"हजारचा द्या. जुना साडेसहाशेचा मशीनमध्ये आहे, उद्या आणून देतो."

"चालेल की. फक्त एवढं लिहून द्या." दुकानदाराने कागद पुढे केला. कागदावर एक रकाना होता : बदलून घेण्याचं कारण.

लोडसाहेबांनी पेन हातात धरलं. आधी त्यांनी 'तांत्रिक' लिहिलं.

"असं नाही चालत हो," दुकानदार म्हणाला. "तांत्रिक म्हणजे माझ्या मालात खोट असल्यासारखं होतं. खरं कारण लिहा."

कचेरीत अशा मोघम कारणांचे अर्ज त्यांनी स्वतः ढिगाने परत पाठवले होते. त्यांनी 'तांत्रिक' खोडलं आणि लिहिलं : माझा अंदाज चुकला. खाली सही केली, आणि हाताला सवय असल्यामुळे सहीखाली हुद्दाही लिहून टाकला. दुकानदाराने हुद्दा वाचला, साहेबांकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे पाहिलं.

"वर्षभरापूर्वी या दुकानाचा अर्ज तुमच्याकडेच आला होता का हो?"

"मला उशीर होतोय," लोडसाहेब म्हणाले.

रिक्षा मिळाली नाही. तो जड खोका छातीशी धरून ते अर्धा रस्ता चालले, उरलेला जवळजवळ धावले. वाटेत त्यांनी लेकीला काय म्हणायचं ते पाठ केलं. 'बाळ, तू बरोबर होतीस.' सोपं वाक्य होतं, पण तिसऱ्या मजल्यापर्यंत श्वासच उरला नाही. घड्याळात चार वाजून वीस मिनिटं झाली होती.

बायकोने दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

आत लेक कानांवर हेडफोन चढवून खेळत होती. कॉम्प्युटर चालू होता, दिवे जांभळे होते, पंखा वर गरगरत होता. सासूबाई शेजारच्या खुर्चीत पडद्याकडे टक लावून बसल्या होत्या आणि दर दोन मिनिटांनी "मार त्याला" म्हणत होत्या. लोडसाहेब खोका मांडीवर घेऊन दाराजवळच्या स्टुलावर टेकले. अर्धा तास ते तसेच बसून राहिले.

मग लेक उडी मारून उठली. जिंकल्या. फायनलला गेल्या. तिने आजीला मिठी मारली, आईला मारली, आणि मग तिची नजर घामाने भिजलेल्या बाबांवर आणि खोक्यावर पडली.

"अय्या, बाबा. तुम्ही हे आणायला गेला होतात? फोन किती केले. इथेच वाजत होता."

"अगं, पण चाललं कसं?"

"एक कार्ड काढून ठेवलं." तिने जेवणाच्या टेबलाकडे बोट दाखवलं. वर्तमानपत्रावर मामाचं कार्ड निवांत पडलं होतं. "खेळाला एकच लागतं. दोन लागतात ती ऑफिसच्या चित्रांना. काल मी इतकी वैतागले होते, की हे सुचलंच नाही."

पाठ केलेलं वाक्य लोडसाहेबांच्या ओठांवर आलं होतं. ते तिथेच थांबलं. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडू लागला.

"म्हणजे आज जिंकलीस ती साडेसहाशेवर."

"हो."

"पुरले ना?"

"पुरले की."

लोडसाहेब स्टुलावर ताठ बसले. त्यांनी बायकोकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं, खिशातून रुमाल काढून सावकाश चष्मा पुसला. सव्वीस वर्षांचा अनुभव काही उगाच नसतो, अशा अर्थाचं काहीतरी बोलायला त्यांनी घसा खाकरला.

"खरं सांगू का, बाबा," लेक त्यांच्या मांडीवरचा खोका उचलत प्रेमाने म्हणाली, "एका कार्डाला पाचशेसुद्धा भागलं असतं. तुम्ही उगाच जास्त आणलात."

त्यांच्यावर हा आरोप आजवर कोणी केला नव्हता.