निवडुंगातून कोणी येत नसतं

आमच्या गल्लीतले हवालदार आबा रोज उजाडताना ओट्यावर येतात, टाचा जुळवतात, छाती पुढे काढतात आणि मेलेला कुत्रा दचकेल अशा आवाजात ओरडतात, "हवालदार जिता शे!"

जिवंत आहे, बस. मग चूळ भरतात.

सगळं गाव याला हसतं. कोणी म्हणतं, म्हाताऱ्याच्या डोक्यात लढाईत बसऱ्याची वाळू शिरली. पाटलांच्या ओट्यावर तर त्यांची नक्कल होते. नक्कल करणाऱ्यांची तोंडं मी ओळखते. ज्यांनी धुळ्याच्या पुढे पाऊल टाकलं नाही ते बसऱ्याच्या वाळूवर बोलतात! मी कोणाला उलट बोलत नाही, कधी बोललेही नाही. पण राग येतो, आणि तो सासरी नरडाण्यापर्यंत माझ्याबरोबर गाडीत बसून येतो.

माझं माहेर पिंपळनेरच्या वाटेवर. आबांचं घर आमच्या घरासमोर. लहानपणी त्या हाकेनंच मी जागी होई. हाक झाली की आत आईचं जातं घरघरू लागे. मला वाटे, आई हाकेवरून वेळ ओळखते.

आबांचं भांडण एकाच गोष्टीशी आहे. निकाल आधी ठरवून केलेला खेळ त्यांना खपत नाही. "आधीच लिखेल शे का?" हा त्यांचा सवाल. पोळ्याला पाटलांचा बैल सगळ्यांत आधी वेशीतून जातो, तो मानच आहे. आबा वेशीवर उभे राहून ओरडतात, "दुसरा उना तोच खरा पहिला!" जत्रेत दोन नावाजलेले पैलवान बराच वेळ एकमेकांच्या मानेवर हात ठेवून फिरले आणि कुस्ती बरोबरीत सुटली, तेव्हा आबा धोतर खोचून आखाड्यात उतरले. म्हणाले, "दोन्हीस्नी माझ्याशी लढा. मी कोन्हाशी काही ठरायेल नही." भोवाड्यात, म्हणजे मुखवट्यांच्या सोंगांच्या रात्री, रावणाचं सोंग पडायला आलं की हे मधे उभे. "त्याले बी एक डाव द्या! आधीच लिखेल शे का?" रावणाचं सोंग घेणारा सुतार मुखवट्याआडून हात जोडून म्हणाला, "आबा, पडू द्या हो. मुखवटा जड शे."

आता यामागची गोष्ट सांगते. ती गावाला पाठ आहे, पण गाव ती चुटका म्हणून सांगतं.

पहिल्या मोठ्या लढाईच्या वेळी आबा आणि माझे वडील एकाच दिवशी पलटणीत गेले. मी तेव्हा पाळण्यात होते. बसऱ्याला पाठवण्याआधी पलटणीत खोटी लढाई खेळवत. अर्धे शिपाई आपले, अर्धे दुश्मन. बंदुकीत गोळी नाही, नुसता बार. आणि दंडाला पांढरी पट्टी बांधलेला एक साहेब पंच म्हणून फिरे. तो ज्याच्याकडे बोट दाखवी तो मेला. त्यानं जागच्या जागी आडवं पडायचं.

आबा आणि वडील दुश्मनाच्या बाजूला होते. त्यांना सांगितलं होतं, टेकडीवर बसा आणि दुपारी हरा. माझ्या वडिलांना ते पटलं नाही. टेकडीच्या मागे एक कोरडा नाला होता, निवडुंगानं गच्च भरलेला. आमच्या गावच्या माणसाला निवडुंगाचं काय भय? वडील पुढे, आबा आणि चारदोन शिपाई मागे, पोटावर सरपटत नाल्यानं गेले आणि थेट मोठ्या साहेबाच्या तंबूमागे निघाले. साहेब चहा पीत होता. वडिलांनी त्याच्या पाठीला बंदूक लावली आणि अदबीनं म्हणाले, "साहेब, तुम्ही मेलात."

पट्टीवाला पंच धावत आला. त्यानं साहेबाकडे पाहिलं, मग या काटे लागलेल्या माणसांकडे पाहिलं आणि म्हणाला, "निवडुंगातून कोणी येत नसतं. तुम्ही सकाळीच मेलात. आडवे पडा."

सगळे आडवे पडले. वडिलांना तिथंच झोप लागली म्हणे. दुपारी मोठा साहेब जिंकला. कागदावर आदल्या दिवशीच तसं लिहिलेलं होतं.

गाव इथवर सांगतं आणि हसतं. पुढचं कोणी सांगत नाही. पुढे बसऱ्याच्याही पलीकडे तोच मोठा साहेब होता, आणि तळाच्या मागे तसाच एक कोरडा नाला होता. साहेबानं नाल्यावर पहारा ठेवला नाही. तिथून कोणी येत नसतं, हे त्यानं जिंकून सिद्ध केलं होतं ना! दुश्मनानं तो कागद वाचला नव्हता. ते नाल्यानंच आले. माझे वडील तळाच्या त्याच अंगाला होते. या वेळी ते खरोखर आडवे पडले.

याला चुटका म्हणतात!

तर हे सगळं मनात येण्याचं कारण यंदाची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. पुन्हा मोठी लढाई पेटली आहे आणि पलटणीला पोरं हवी आहेत. आखाजीला आम्ही माहेरवाशिणी गावात, बाप्ये सगळे झाडाखाली पत्त्यांवर. असं भरलेलं गाव पाहून भरतीचे साहेब मोटारीनं आले.

आखाजीची आमच्याकडची रीत अशी. गौराई बोळवायला वरल्या गल्लीच्या बायका नाल्याच्या त्या अंगाला, आम्ही खालल्या गल्लीच्या या अंगाला. मधे डोहात पाणी. दोन्हीकडून शिव्या आणि ढेकळं. ज्यांची गौराई आधी पाण्याला लागेल त्यांची सरशी. वर्षभर सासूपुढे तोंड न उघडणारी बाई त्या दिवशी काय काय बोलते! मी मात्र मागे उभी राहून ढेकळं गोळा करून देते. मला शिव्या येतात, पण त्या आतच राहतात.

पाटलांना वाटलं, साहेबांना हीच लढाई दाखवावी. बायका एवढ्या शूर, मग पोरांनी मागे का राहावं, असं साहेबांना बोलायला सोयीचं. आणि बिल्लेवाला जुना हवालदार झेंडी उचलून निकाल देणारा पंच म्हणून उभा केला तर शोभा वाढेल. साहेब आले की पाटील शुद्ध बोलू लागतात. आदल्या संध्याकाळी आमच्या दारासमोरच ते आबांना म्हणाले, "हे बघा आबा, झेंडी वरल्या गल्लीची उचलायची. साहेबांसमोर पाटलीणबाई हरल्या तर बरं दिसणार नाही."

आबा म्हणाले, "आधीच लिखेल शे का?"

"तसंच समजा."

मला वाटलं, आबा आता बोंब ठोकतील. पण ते वळून आमच्या दारात आले, आईकडून पांढऱ्या लुगड्याची चिंधी मागून घेतली आणि दंडाला बांधून पाहिली. आईनं गाठ नीट बसली का विचारलं. मला दोघांचाही राग आला.

दुसऱ्या दिवशी आंब्याखाली साहेबांना खुर्ची, हातात सरबत. नाल्यात गाडीवाटेच्या मधोमध आबा, छातीवर बिल्ले, हातात झेंडी. सखूनं, आमच्या शेजारणीनं, सुरुवात केली. "ए वरली गल्लीन्या बाया! पानी पेवाले बी पाटीलले इचारतस का?"

पलीकडून पाटलीणबाई कडाडल्या, "तुमनी गौराई उपाशी दिखस! तिले भाकर तरी देल शे का?"

ढेकळं उडाली. साहेब खुर्चीत मागेपुढे होऊन हसत होते. वरल्या गल्लीच्या बायका निवांत होत्या, निकाल त्यांच्या घरचाच होता. पाटलीणबाई गौराई डोक्यावर घेऊन, पदर सावरत, पाहुण्यांना दिसावं अशा चालीनं डोहाकडे निघाल्या. मी सखूच्या कानाशी लागले आणि म्हटलं, "बाजूच्या निवडुंगातून खाली उतरता येतं. थेट पाण्यावर."

सखूनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू खांब बोलला. मग गौराई उचलली आणि घुसली. आम्ही तिच्या मागे. लुगडी फाटली, दंड ओरबाडले, एकीची बांगडी फुटली. पाटलीणबाई काठावर पोचल्या तेव्हा आमची गौराई गळ्याइतक्या पाण्यात उभी होती आणि सखू तिच्या शेजारी नाचत होती.

तेवढ्यात पाटील उठले. हसत, हात हलवत म्हणाले, "नाही, नाही. हे धरायचं नाही. निवडुंगातून कोणी येत नसतं. मागे जा, पुन्हा सुरुवातीपासून. आबा, झेंडी!"

शब्द तेच. मी आबांकडे पाहिलं. आबांचं तोंड राखेसारखं झालं होतं.

पाटील पुन्हा म्हणाले, "आबा, झेंडी वरल्या गल्लीची."

आबांनी झेंडी खाली ठेवली. टाचा जुळवल्या. साहेबांना कडक सलाम केला. आणि तिथंच गाडीवाटेच्या मधोमध वाळूत उताणे आडवे झाले.

"हवालदार, हे काय?" साहेब ओरडले.

"मी सकायलेच मरेल शे, साहेब," आबा डोळे मिटून म्हणाले. "मरेल मानूसनी झेंडी कशी उचलानी?"

गाव खदाखदा हसलं. पाटलांनी स्वतःच झेंडी उचलून वर केली. पाटलीणबाईंच्या गळ्यात हार पडला, साहेबांनी टाळ्या वाजवल्या, पोरांना चार शब्द सांगितले. पण त्यांची मोटार नाल्यातूनच जायची होती आणि वाटेत आबा मेलेले होते. हाका मारल्या, पाणी शिंपडलं, आबा हलले नाहीत. शेवटी चौघांनी हातपाय धरून त्यांना उचललं आणि ओंडका टाकावा तसं बाजूला ठेवलं. मोटारीची धूळ बिल्ल्यांवर बसली. दंडाला काटे टोचत होते, ते मला तेव्हा कळलेही नाहीत. जे हसत होते त्यांचा प्रत्येक दात मला दिसत होता.

दुसऱ्या सकाळी उजाडलं आणि हाक आली नाही.

आई जात्यापाशी बसली होती. खुंट्यावर हात, सुपात ज्वारी, पण जातं फिरत नव्हतं.

"आई, दळत का नाहीस?"

आईनं खुंट्यावरचा हात काढला. मग म्हणाली, "लढाईतून आबा एकटे उनात. दारशी उभा ऱ्हायनात, सांगता येयेना त्यास्ले. मीच दारआडथून म्हनं, भाऊ, रोज सकायले एक हाक देत जा. दोन जन गयात, एक तरी उना, हाई कानले समजू द्या." तिनं सुपातली ज्वारी उगाच सारखी केली. "तवयपाशीन एक दिन चुकेल नही."

मी बाहेर आले. आबा ओट्यावर बसले होते. दंडावर अजून ती चिंधी, गाठ सुटून लोंबत होती. समोरच्या दाराकडे पाहत नव्हते. मान खाली.

मी कधी ओरडले नव्हते. आखाजीतही नाही. आमच्या ओट्यावर उभी राहिले, टाचा जुळवल्या, आणि जे निघालं ते वरल्या गल्लीपर्यंत गेलं असणार, कारण तिकडचं एक दार उघडल्याचा आवाज आला.

"खालली गल्ली जिती शे!"

आबांनी मान वर केली. माझ्याकडे पाहिलं, माझ्या ओरबाडलेल्या दंडाकडे पाहिलं. हळूच उठले, चिंधीची गाठ दातानं ओढून आवळली आणि छाती पुढे काढली.

"वर्दी देवाले उशीर व्हयना," ते माझ्यावर खेकसले. मग आमच्या दाराकडे वळून, नेहमीपेक्षा जरा हळू, म्हणाले, "हवालदार जिता शे."

आत जातं फिरू लागलं.