मास्तरांचा सांधा

सिंकखाली उताणे पडून मास्तर तांब्याचा पाइप जोडत होते. गळका तुकडा बदलायला प्लंबर मिळाला असता. पण दुपारी सासरे येणार होते, आणि "आमच्या जावयांना साधा खिळा ठोकता येत नाही" हे त्यांचं वाक्य लग्नापासून मास्तरांना सलत होतं. आज त्यांच्याच तोंडून शाबासकी वदवून घ्यायची, असा मास्तरांनी चंग बांधला होता.

आणि काम खरंच दृष्ट लागण्यासारखं झालं. पाइप घासला, पेस्ट लावली, गॅसच्या बत्तीने सांधा तापवताच सोल्डर वितळून आत ओढलं गेलं. निवल्यावर मास्तरांनी मेन कॉक उघडला. एक थेंब गळला नाही!

"अगं, बघ तरी!"

बायको वाकली. "छान झालंय हो. आता बादली काढा."

कापलेल्या पाइपातलं उरलंसुरलं पाणी झेलायला मास्तरांनी स्टीलची बादली पाइपाच्या टोकालाच अडकवली होती. आता पाइप दोन्हीकडून जोडलेला आणि बादलीची कडी त्यात कायमची अडकलेली. मास्तरांनी ती डावीकडे सरकवली, उजवीकडे सरकवली, मग नुसतेच बघत राहिले.

"कडी कापा."

"तुझ्या बाबांनी दिलेली बादली? बरे कापू देतील!"

"मग पाइप कापा."

"माझा सांधा?" मास्तर कळवळून ओरडले.

तेवढ्यात बेल वाजली. सासरे चपला काढून थेट सिंकपाशी आले.

"गळतंय वाटतं अजून?"

"छे हो! ठणठणीत कोरडं आहे."

"मग बादली कशाला?" म्हणत त्यांनी ती ओढली. ती येईना. सासऱ्यांना नकाराची सवय नव्हती. त्यांनी बाह्या सरसावल्या, भिंतीला पाय लावला आणि दोन्ही हातांनी हिसका दिला.

सांधा जागचा हलला नाही. पलीकडे, नळापाशी, पाइपाचं जुनं टोक मात्र निखळलं. सासरे बादलीसकट जमिनीवर बसले आणि पाण्याचा फवारा सरळ त्यांच्या तोंडावर आला.

"कॉक! कॉक बंद करा!" सासरे ओरडले.

बायको धावली. पाणी थांबलं तेव्हा स्वयंपाकघराचं तळं झालं होतं. मास्तरांना वाटलं, संपलं; आता जन्मभर ऐकून घ्यायचं.

सासऱ्यांनी चष्मा पुसला, पुढे सरकून सांध्यावरून अंगठा फिरवला आणि तो हलवून पाहिला. सांधा पक्का होता.

"मी प्लंबरला फोन लावतेय," दारातून बायको म्हणाली.

"लाव," भिजलेले सासरे म्हणाले. "आणि त्याला बजावून सांग, बाकी वाटेल ते काप, पण आमच्या जावयांच्या सांध्याला हात लावायचा नाही!"