संघर्षाचं हिरवं कार्ड

दिग्रसच्या तहसील कचेरीसमोर लिंबाखाली टेबल टाकून बसणारे अर्जनवीस धर्मपाल मुनेश्वर! तीस वर्षांत त्यांनी काय लिहिलं नाही ते विचारा! वारसाचे अर्ज, उत्पन्नाचे दाखले, हरवलेल्या बैलाची तक्रार, न हरवलेल्या बैलाची तक्रार! त्यांचा एक अर्ज वाचून नायब तहसीलदाराच्या डोळ्यांत पाणी आलं होतं म्हणतात. अर्ज नाली उपसण्याचा होता! म्हणून अमेरिकेतून मुलाचा फोन आला, तेव्हा धर्मपालभाऊंची छाती वीतभर फुगली.

"अफिडेव्हिट पाह्यजे? बस, इतकंच? अबे, असं लिहून देतो का अमेरिका वाचतच राह्यली पाह्यजे!"

अमेरिका खरंच वाचत राहिली. पण ते पुढं सांगतो.

मुलाचं नाव संघर्ष. तो जन्मला त्या दिवशी बाप मोर्चात होता. घोषणा देऊन घसा बसलेला, तशाच आवाजात घरी येऊन त्यानं पोराचं नाव जाहीर केलं. गल्लीला मात्र एवढं जड नाव पेलवेना, गल्ली त्याला बंडू म्हणू लागली. या बंडूचं लग्न झालं ममताशी. ममता मूळची नागपूरची, पण कितीतरी वर्षांपासून अमेरिकेत नर्स आणि आता तिकडचीच नागरिक. तिच्यामुळे याला ग्रीन कार्ड मिळालं, पण तेही दोन वर्षांपुरतं! दोन वर्षं झाली की सिद्ध करायचं, लग्न खरं आहे, कार्डासाठी केलेलं सोंग नाही. साहेबाला नाही पटलं तर नवरा दिग्रसला आणि बायको तिकडे! त्यासाठी ओळखीच्या माणसांचे लेखी जबाब हवे होते.

"साधंच लिहा जी," कौसल्याबाईंनी बजावलं. "हा माहा पोरगा, हे त्याची बायको, दोघं सुखात हायेत. झालं!"

"अवं, तसं तं कोणीबी लिहिन! तीस वर्षं काय माशा मारल्या मी?"

आणि धर्मपालभाऊंनी लिहिलं. मुलाचं पूर्ण नाव अमेरिकेच्या फॉर्मात आहेच, ते पुन्हा कशाला, असा विचार करून थेट मुद्द्याला हात घातला. 'मी सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की, संघर्ष आमच्या घरीच जन्मला. संघर्षाला आम्ही लाडाने वाढवले. लग्नाच्या पहिल्या दिवसापासून सौ. ममताच्या आयुष्यात संघर्ष आहे. संघर्षाशिवाय ती एक दिवसही राहू शकत नाही. आजही तिच्या घरात संघर्ष सुखाने नांदत आहे.'

वाचून त्यांचा त्यांनाच गहिवर आला.

दुसरी साक्षीदार शेजारची बिजलीबाई. तिनं कमरेवर हात ठेवून जबाब दिला, "लिहा भाऊ! संघर्षाले म्या यायच्या अंगणात उघडानागडा पाह्यला. लग्नात संघर्ष घोड्यावर बसून आला. नवरीची माय धाय मोकलून रडली, पण संघर्ष काई मांगं हटला नाई!" खाली तिनं अंगठा उठवला.

आता याचं इंग्रजी करायचं होतं. त्यासाठी हरिसिंग सर होते. दोन वर्षांपूर्वी पुसदहून येऊन त्यांनी कापसाच्या जिनिंग कारखान्याजवळ इंग्रजीचे क्लास काढले होते. सरांचा बाणा एकच. "भाऊ, मराठीचा एक शब्द मी उपाशी ठेवत नाई. सगळ्याईले इंग्रजी भेटते!"

भेटलं! कागदांवर शिक्के बसले, कुरियर गेलं, आणि धर्मपालभाऊ महिनाभर कचेरीसमोर येईल त्याला सांगत राहिले, "आपलं ड्राफ्टिंग आता अमेरिकेत चालून राह्यलं."

मग एका सकाळी फोन वाजला.

"बाबा, तुमी लिहून काय पाठवलं?"

"काहून? लई आवडलं का त्याईले?"

"आवडलं? आमाले मुलाखतीले बोलावलं! वकील डोक्याले हात लावून बसला. म्हणते, तुहा बाप लिहिते का या लग्नात पह्यल्या दिवसापासून भांडणं हायेत. घरातच जन्मली, यायनं लाडानं वाढवली. अन् शेजारीण म्हणते, तिनं नागडं भांडण स्वतःच्या डोयानं पाह्यलं! बाबा, घोड्यावर बसून भांडण कोणतं आलं?"

धर्मपालभाऊंनी आपली प्रत काढून तीनदा वाचली. एका वेलांटीची चूक नाही! मग त्यांच्या टाळक्यात काहीतरी चमकलं आणि ते चपला न घालताच जिनिंगकडे धावले. सर फळ्यावर क्रियापदं लिहीत होते.

"सर, संघर्ष म्हंजे काय?"

"स्ट्रगल! चौथीतलं पोरगंबी सांगन."

"अन् माह्या पोराचं नाव काय?"

"बंडू!"

"अहो, बंडू हाच संघर्ष हाय ना!"

सरांच्या हातातला खडू खाली पडला. पण मास्तर तो मास्तर, लगेच सावरला. "मंग चिरंजीव काहून नाई लावलं? सूनबाईले सौभाग्यवती लावलं, म्हणून तं थे वाचली! नाईतं तिचंबी इंग्रजी केलं असतं मी."

"तीस वर्षांच्या घोड्याले चिरंजीव लावतेत का कोर्टाच्या कागदात?"

घरी कौसल्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्या पदरानं डोळे पुसत एवढंच म्हणाल्या, "माह्या पोराचा संसार मोडला ना, तं तुमचा तो पेन मी चुलीत घालीन." धर्मपालभाऊ जन्मात पहिल्यांदा कागदाला घाबरले. भाकर पुढ्यात तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीचं प्रतिज्ञापत्र तयार झालं. 'आधीच्या कागदांत जिथे जिथे स्ट्रगल आला असेल, तिथे तिथे माझा मुलगा असे वाचावे.' सरांनी या खेपेला फुकटात इंग्रजी केलं आणि कुरियरचे पैसेही आपल्या खिशातून भरले.

मुलाखतीच्या दिवशी धर्मपालभाऊ टेबलावर गेलेच नाहीत, फोनसमोर बसून राहिले. बिजलीबाईही येऊन बसली. आपल्या अंगठ्यानं पोरगं परत येतं की काय, या धास्तीनं तिचा जीव टांगणीला लागला होता. शेवटी फोन आला.

"बाबा, झालं!"

"काय झालं? नीट सांग ना बे!"

"बाई होती साहेब. तिनं ममताले इचारलं, तुमच्या घरात खरंच इतका स्ट्रगल हाय का? ममतानं माहा पासपोर्ट उघडला, नावावर बोट ठेवलं अन् म्हणे, हाच तो स्ट्रगल, बाजूले बसला हाय. रोज सहाले घरी येते, जेवते अन् रातभर घोरते. मंग त्या बाईनं तुमची दुरुस्ती लावून बिजलीमावशीचा जबाब पुन्हा वाचला. लई हासली! म्हणे, असं कोणी ठरवून खोटं लिहूच शकत नाई. पक्कं कार्ड देलं!"

कौसल्याबाई रडल्या, हसल्या आणि त्यांनी बिजलीबाईच्या तोंडात साखर कोंबली. धर्मपालभाऊंनी मात्र मिशीवरून हात फिरवला. "पाह्यलं? शेवटी कामाले माहंच ड्राफ्टिंग आलं!"

एवढ्यावर थांबले असते तर ते अर्जनवीस कसले!

पुढच्या वर्षी संघर्षानं नागरिकत्वाचा अर्ज भरला. त्या अर्जात म्हणे एक रकाना असतो, नाव बदलायचं का? हे धर्मपालभाऊंना कळलं. एवढा गोंधळ झाल्यावर पोरगं हे नाव ठेवतं कशाला? ते फोनवर मोठ्या मनानं म्हणाले, "बदलून टाक रे. तुह्या सोयीचं ठेव." आणि फोन ठेवून दिवसभर कोऱ्या कागदावर 'संघर्ष' गिरवत बसले.

शपथ झाली त्या दिवशी संघर्षाचा फोन आला. "बाबा, नाव तेच ठेवलं. तिथल्या साहेबानं इचारलं, याचा अर्थ काय? म्या सांगतलं, अर्थ इचारू नका साहेब, बापानं ठेवलं हाय, बस!"

धर्मपालभाऊंनी कौसल्याबाईंच्या हातात फोन दिला आणि अंगणात जाऊन नाक शिंकरलं. मग त्यांनी गावभर पेढे वाटले. तेवढ्यानंही मन भरेना, तेव्हा बातमी स्वतः लिहून पेपरच्या वार्ताहराला दिली. कौसल्याबाई म्हणत होत्या, "साधंच लिहा जी!" पण ऐकतो कोण?

दुसऱ्या दिवशी पेपरात, कापूस बाजाराच्या बातमीला अगदी खेटून, ठळक अक्षरांत मथळा आला, 'अखेर दिग्रसच्या संघर्षाला अमेरिकेची मान्यता!'

सकाळी लिंबाखाली पाहतात तर काय, जत्रा! कापसाच्या बैलबंड्या रस्त्यात उभ्या करून शंभरेक माणसं टेबलाभोवती जमलेली. सेवादास नावाचा एक उंचापुरा कास्तकार पेपर नाचवत पुढं आला.

"भाऊ, मानलं तुमाले! आमी इथं दोन वर्षांपासून भावासाठी बोंबलून राह्यलो, अन् तुमी डायरेक्ट अमेरिकेतून मान्यता आणली! आता सांगा, कापसाले भाव काय भेटन?"

धर्मपालभाऊ टेबलामागे सरकले. "अहो... तसं नाई... संघर्ष माह्या घरचा हाय हो!"

"आँ? तुमच्या एकट्याच्याच घरचा हाय का?" सेवादास भडकला. "आमच्या घरी का नाई?"

"घरोघरी हाय!" मागून कुणीतरी ओरडलं.

आता या शंभर लोकांना काय समजावणार? धर्मपालभाऊ खाली बसले, कोरा कागद घेतला, पेनाचं टोपण काढलं आणि ठळक अक्षरांत लिहिलं, 'विषय : कापसाला भाव मिळण्यासाठी संघर्ष (मुलाचे नाव नव्हे).'