दातवाल्यांचा कान

कोपरा कुणाचा, एवढाच प्रश्न होता. बैठकीच्या खोलीतल्या त्या कोपऱ्यात वीस वर्षं दातवाल्यांचा, गिटारचा आवाज मोठा करणारा ॲम्प उभा होता. लहान फ्रिजएवढा, काचेच्या व्हॉल्व्हचा, तापल्याशिवाय तोंड न उघडणारा. बायकोला आता तिथे टेबल हवं होतं. ती कॉलेजच्या परीक्षा विभागात होती आणि आठवड्यातले तीन दिवस घरून काम करायची परवानगी तिला मिळाली होती. जेवणाच्या टेबलावर उत्तरपत्रिकांना तेलाचे डाग पडून एकाच्या तेरा गुणांचे अठरा झाले, तेव्हा तिने विषय काढला.

तोडगा मुलीने आणला. तिच्याकडे मॉडेलर होता, म्हणजे विटेएवढा एक ठोकळा, जो म्हणे कुठल्याही ॲम्पचा हुबेहूब आवाज काढतो. छोट्या स्पीकरला जोडला की काम झालं. दातवाले हसले. नकली ते नकलीच, असं त्यांनी जाहीर केलं. खऱ्या ॲम्पच्या सुराला शेवटी एक बारीक थरथर असते, ती ठोकळ्याच्या बापाला जमायची नाही.

हे सांगणारा माणूस तीस वर्षं कवळ्या बनवत होता, आणि त्यांच्या कवळीची ख्याती अशी की घालणाऱ्याच्या बायकोलाही शंका येऊ नये. ही विसंगती बायकोने दाखवून दिली. दातवाल्यांचा कान तीक्ष्ण असला तरी काय ऐकायचं ते तो स्वतः ठरवत असे.

"परीक्षा घेऊ," बायको म्हणाली. "दहा प्रश्न. आठ बरोबर आले तर ॲम्प राहील, नाहीतर जाईल."

"दहाच्या दहा येतील."

"आठ पुरेत. हावरटपणा नको."

नियम तिने केले. परीक्षार्थीने स्वयंपाकघरात फ्रिजकडे तोंड करून बसायचं. मोबाइल जमा करायचा. शंका विचारायच्या नाहीत. मुलीने दोन्हींचा आवाज सारखा लावून घेतला. बायकोने नाणं उडवून ॲम्प की ठोकळा ते ठरवायचं, मुलीने प्रत्येक वेळी तीच ओळ वाजवायची आणि दातवाल्यांनी आतून उत्तर द्यायचं.

पाच प्रश्न झाले, पाचही बरोबर. बायकोला टेबल हातचं जाताना दिसू लागलं. दातवाल्यांची नुसती पाठ दिसत होती, पण तीही फुशारलेली होती.

इतका वेळ बायको तळहातावर कागद धरून लिहीत होती. तिला सपाट जागा हवी होती. ॲम्पच्या माथ्यावर स्टीलची वाटी होती आणि वाटीत वरखालच्या दातांची एक अख्खी कवळी. सहा वर्षांपूर्वी एका हेडमास्तरांनी ती जादाची म्हणून करायला सांगितली आणि न्यायला ते आलेच नाहीत. दातवाल्यांच्या हातून झालेलं ते सगळ्यांत देखणं काम, त्यामुळे टाकवत नव्हतं. बायकोने वाटी उचलून शेजारच्या छोट्या स्पीकरवर ठेवली, ॲम्पवर कागद पसरला आणि सहावं नाणं उडवलं.

"ॲम्प," आतून उत्तर आलं. चूक. सातव्याला "ठोकळा, शंभर टक्के." चूक. आठवा, नववा, दहावा. आवाजातली खात्री वाढत गेली आणि कागदावरच्या फुल्याही.

दातवाले शीळ घालत बाहेर आले. "किती, दहा?"

"पाच."

त्यांनी फेरतपासणी मागितली. बायको मात्र कागदाकडे बघत राहिली होती. "पहिली पाच बरोबर, पुढची पाच चूक. अंदाजाने असं होत नाही. कॉपीत होतं."

मुलीने ठोकळ्यावर पुन्हा तीच ओळ वाजवली. दातवाल्यांचा चेहरा उजळला. "हा बघ. हाच खरा." मग त्यांची नजर स्पीकरवर गेली. वाटी हलत होती आणि हेडमास्तरांचे वरचे दात खालच्या दातांवर बारीक वाजत होते. मुलीने कवळीवर बोट ठेवून परत वाजवलं. थरथर गेली. मग तिने ॲम्पही वाजवला. त्यातही नव्हती.

दातवाले शब्दाचे पक्के होते. दुसऱ्या दिवशी ॲम्प मुलीच्या मित्राच्या सरावाच्या खोलीत गेला आणि टेबल आलं. टेबलाला खेटून स्पीकर राहिला, त्यावर वाटी. दातवाले वाजवायचे आणि खूश असायचे. नव्या यंत्रांनी बरीच प्रगती केली आहे, असं ते आल्यागेल्याला सांगू लागले.

तिसऱ्या आठवड्यात हेडमास्तरांचा फोन आला. वापरातली कवळी बेसिनमध्ये पडून तुटली होती. ती जादाची अजून असेल का, असं ते विचारत होते.

"आहे," दातवाले स्पीकरवरच्या वाटीकडे बघत म्हणाले. "चार दिवस द्या."

सहा वर्षं तयार असलेल्या कवळीला चार दिवस कशाला, हे हेडमास्तरांनी विचारलं नाही. दातवाले चार दिवस कवळ्यांच्या कारखान्यातून जेवायलाही वेळेवर आले नाहीत.

चौथ्या दिवशी संध्याकाळी बायकोच्या नव्या टेबलावर स्पीकर होता आणि दोन वाट्या, दोन्हींत दात. उत्तरपत्रिका जेवणाच्या टेबलावर परतल्या होत्या आणि बायको स्वयंपाकघरात फ्रिजकडे तोंड करून बसली होती.

"अहो, दोन्ही सारख्याच वाजतात," पाचव्यांदा ती म्हणाली. "कुठलीही द्या त्यांना."

"सारख्या कशा असतील? एक खरी आहे, एक नकली," दातवाल्यांनी वाटी बदलली आणि गिटार सावरली. "नीट ऐक. सहावा प्रश्न."